धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, टोयोटाची गोष्ट तिथून सुरू होते!

टोयोटा म्हटलं की डोळ्यांसमोर इनोव्हा येते, फॉर्च्युनर येते. पण या घराण्याचं नाव आधी झालं ते कापड विणायच्या मागामुळे. तो माग बनवणारा माणूस म्हणजे साकिची टोयोडा.

आजकाल कंपन्यांमध्ये दोन शब्द सारखे कानावर पडतात, ऑटोमेशन आणि डिझाइन थिंकिंग. ऑटोमेशन म्हणजे काम यंत्रावर सोपवणं. डिझाइन थिंकिंग म्हणजे आधी काम करणाऱ्याची अडचण समजून घेणं, मग नमुना बनवणं, वापरून बघणं आणि चुकलं की पुन्हा करणं. हे शब्द आले नव्हते, तेव्हा साकिची हेच करत होते.

आईचा हातमाग

साकिचींचा जन्म १८६७ चा, जपानमधल्या आजच्या शिझुओका प्रांतातला. वडील सुतार, आई घरी हातमागावर कापड विणायची. १८८५ मध्ये जपानमध्ये पेटंटचा कायदा आला. नवीन काही शोधलं तर त्यावर आपला हक्क राहतो, हे कळल्यावर १८ वर्षांच्या साकिचींनी माग सुधारायचं ठरवलं.

जुन्या मागावर विणताना दोन्ही हात गुंतून पडायचे. १८९० मध्ये त्यांनी एका हाताने चालणारा लाकडी माग बनवला. विणकाम सोपं झालं, वेगही वाढला.

यंत्रावर पहारा कशाला?

१८९६ मध्ये त्यांनी वाफेवर चालणारा यंत्रमाग तयार केला. त्यात एक खास सोय होती. आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबायचा.

ही सोय नसेल तर काय होतं? माग चालत राहतो, कापड खराब होतं आणि ते टाळायला एका माणसाला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. म्हणजे यंत्र आलं, पण माणूस यंत्राचा राखणदार झाला. साकिचींनी नेमकी ही अडचण पकडली. चूक झाली की यंत्रानेच थांबायचं, या तत्त्वाला पुढे 'जिडोका' असं नाव मिळालं.

कंपनीतून बाहेर

वाट सरळ नव्हती. १९१० मध्ये साकिचींना स्वतःच्या नावाच्या माग कंपनीतून बाहेर पडावं लागलं. ते अमेरिका आणि युरोप फिरून आले आणि पुन्हा कामाला लागले. पण सूतच कच्चं असेल तर दोष मागाचा की सुताचा, हे कळणार कसं? म्हणून ते सूतकताईतही उतरले.

धोट्यातलं सूत संपलं की माग थांबवून धोटा बदलावा लागायचा. तो आपोआप बदलण्याचा पहिला प्रयत्न १९०३ चा. पूर्ण वेगात, न थांबता धोटा बदलणारा 'टाइप जी' माग आला १९२४ मध्ये, म्हणजे तब्बल २१ वर्षांनी! मुलगा किइचिरोही या कामात होता. आता एकच कामगार कितीतरी माग सांभाळू शकत होता. अर्थात, तेवढ्याच मागांना कामगार कमी लागू लागले. ऑटोमेशन म्हटलं की नोकरीचा प्रश्न येतो, तो तेव्हाही होताच.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने १ लाख पौंड मोजून या मागाचे हक्क घेतले. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये साकिची गेले. किइचिरो मोटारींकडे वळले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. जिडोका कारखान्यातही आलं. गडबड दिसली की कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो.

आज याचा उपयोग काय?

समजा, ऑफिसमध्ये बिलं मंजूर करायला सॉफ्टवेअर आणलं. चुकीचं बिल आलं तर ते अडवतं, की तसंच पुढे सरकवतं? पुढेच सरकवत असेल तर प्रत्येक बिल तपासायला पुन्हा कुणीतरी बसणार. मग सॉफ्टवेअर आणून वाचलं काय?