मधपेटीतील जुने मेण आणि जे. सी. कुमारप्पा यांचा हिशेब

मधपेट्या ठेवणाऱ्या शेतकऱ्याकडे मधाची नोंद असते, मेणाची बहुधा नसते. काळी पडलेली पोळी गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहतात, पावसाळ्यात त्यांना मेणपतंगाची अळी लागते आणि शेवटी ती उकिरड्यावर जातात. बीडसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात, जिथे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना गावातच जोडउत्पन्न हवे आहे, तिथे हा तोटा लहान नाही. घरातून न कळत बाहेर जाणाऱ्या अशा संपत्तीचा हिशेब एका माणसाने आयुष्यभर मांडला. ते म्हणजे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा.

हिशेबनीस ते ग्रामसेवक

कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव जोसेफ कॉर्नेलियस. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन ते परतले आणि मुंबईत व्यवसाय करू लागले. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया या विद्यापीठांत शिकताना त्यांनी भारतातील सरकारी जमाखर्च आणि लोकांची गरिबी यांचा संबंध अभ्यासला. कर गोळा होतो शेतकऱ्याकडून आणि खर्च होतो भलतीकडेच, हे आकड्यांतून दिसल्यावर त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

१९२९ साली साबरमतीला त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. त्यांनी घराण्याचे कुमारप्पा हे नाव पुन्हा घेतले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्यातील ५० हून अधिक गावांची पाहणी केली. प्रत्येक घराची जमीन, पीक, जनावरे, कर्ज आणि खर्च वहीत उतरवला गेला. शेतकऱ्याच्या घरात पैसा कुठून येतो आणि कुठून गळतो, हे अंदाजाने न सांगता मोजून दाखवणाऱ्या देशातील सुरुवातीच्या पाहण्यांपैकी ती एक होती.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला. स्वयंसेवकाच्या रोजच्या खर्चाला त्यांनी ठरावीक मर्यादा घातली. गांधीजी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींचा खर्चही या निधीतून करायला त्यांनी नकार दिला, असे सांगितले जाते.

मगनवाडीतील काम

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे सचिव झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील बागेत संघाचे काम सुरू झाले. तीच मगनवाडी. तिथे तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद, साबण आणि मधमाशीपालन अशा उद्योगांवर काम होत असे. गावात तयार होणारा माल गावातच प्रक्रिया होऊन विकला जावा, कच्चा माल स्वस्तात बाहेर आणि पक्का माल महागात आत हे चक्र थांबावे, असा त्यामागचा विचार होता.

मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. त्यासाठी विदर्भासह शेकडो गावांची पाहणी झाली. छोडो भारत आंदोलनाच्या काळात ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपले सर्वांत गाजलेले पुस्तक लिहिले.

त्या पुस्तकात मधमाशीला मोठे स्थान आहे. निसर्गातील प्राणी आपले पोट कसे भरतात, यावरून त्यांनी अर्थव्यवस्थेचे प्रकार पाडले. वाघ दुसऱ्याला मारून जगतो. माकड आयत्या आंब्यावर ताव मारते. मधमाशी मात्र फुलातून मकरंद घेते आणि त्याच फेरीत परागीभवन करून झाडाचे काम करते. शिवाय ती स्वतःपुरते न जमवता सगळ्या वसाहतीसाठी जमवते. घेताना परत देणारा हा व्यवहार त्यांना माणसाने शिकण्यासारखा वाटला. कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल, कारळे किंवा डाळिंबाच्या शेतात पेट्या ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

त्यांचा हिशेब चौकटीला लावून पाहू

मेण फुकट तयार होत नाही. कामकरी माश्या मध खाऊन पोटाखालच्या ग्रंथींतून मेण पाझरवतात. १ किलो मेणासाठी साधारण ६ ते ८ किलो मध खर्ची पडतो, असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे पोळे फेकणे हे मध फेकण्यासारखेच आहे. मध काढताना कापलेल्या झाकणांतून दर १०० किलो मधामागे १ ते २ किलो स्वच्छ मेण मिळते. ते काळ्या पोळ्यांत मिसळू नका, वेगळे वितळवा.

पिलाव्याची पोळी ३ ते ४ वर्षांनी बदलावीत. दरवर्षी साधारण एक तृतीयांश चौकटी बदलल्या की हे चक्र आपोआप पूर्ण होते. जुन्या घरांत अळ्यांच्या कोषांचे थर साचतात, घर लहान होते आणि रोगजंतूंनाही आसरा मिळतो.

मेण काढण्याची पद्धत:

१. पोळी चौकटीतून कापून तुकडे करा आणि रात्रभर पाण्यात भिजवा. पाणी प्यायलेले कोष वितळलेले मेण शोषून घेत नाहीत.

२. तुकडे गोणपाटाच्या पिशवीत बांधून पाण्याच्या भांड्यात ठेवा, वर दगडाचे वजन द्या. भांडे स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे घ्या. लोखंड, तांबे व पितळेने मेणाचा रंग बिघडतो.

३. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे मंद आच पुरते, पाणी खदखदू देऊ नका. बोअरचे जड पाणी टाळून पावसाचे साठवलेले पाणी वापरल्यास मेण स्वच्छ निघते.

४. पिशवी काठीने दाबत राहा. मेण पाण्यावर तरंगते. भांडे पोत्याने झाकून रात्रभर हळूहळू थंड होऊ द्या. सकाळी निघालेल्या वडीच्या तळाची काळी गाळ खरवडून टाका आणि वडी पुन्हा एकदा वितळवून कापडातून गाळा.

बीडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काच लावलेली सौर मेणपेटीही चांगले काम करते आणि सरपण लागत नाही. काळ्या पोळ्यांतून मात्र तिच्यात कमी मेण निघते.

मेण थेट आचेवर कधीही वितळवू नका, ते पेट घेते. पेटल्यास पाणी न ओतता झाकण ठेवा आणि आच बंद करा.

चौकटींची सफाई

रिकाम्या चौकटीवरील मेण आणि राळ पटाशीने खरवडा. धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात चौकट काही मिनिटे बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. सैल तारा ताणून घ्या, मग नवा मेणपत्रा बसवा. सोड्याचे पाणी अंगावर उडू नये म्हणून हातमोजे व चष्मा वापरा.

वसाहत पिलाव्याच्या रोगाने मेली असेल तर तिच्या चौकटी दुसऱ्या पेटीत देऊ नका आणि ते मेण मेणपत्र्यासाठी वापरू नका. आधी तज्ज्ञांना दाखवा. अमेरिकन फाऊलब्रूड रोगाचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, अशा चौकटी जाळणेच योग्य.

साठवलेली पोळी उजेड आणि वारा लागेल अशी टांगा. मेणपतंगाला अंधार, ऊब आणि काळी पोळी आवडतात. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांचा अंश मेणात आणि मधात उतरतो. वितळवून गाळलेल्या मेणाच्या वडीला अळी सहसा लागत नाही, म्हणून पोळी साठवण्यापेक्षा मेण साठवणे शहाणपणाचे.

अखेरची वर्षे

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. १९४९ च्या अहवालात समितीने कसणाऱ्याच्या हक्काची बाजू मांडली. पुढे त्यांनी वर्ध्याजवळ सेलडोह येथे शेतीचे प्रयोग केले. प्रकृती खालावल्यावर ते मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील आश्रमात राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते आणि मागे संपत्ती अशी काही नव्हती.

दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचे कामही आज चालू आहे. जिल्ह्यातील शेतकऱ्यांना अंबाजोगाई आणि खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारणा करता येईल.

यंदा मधाच्या वहीत एक रकाना वाढवा: किती चौकटी बदलल्या, किती मेण निघाले, किती मेणपत्रे विकत आणावे लागले. कृषी सहायकांनीही गावभेटीत हा रकाना पाहावा. पुढच्या हंगामापर्यंत गळती कुठे आहे हे शेतकऱ्याच्या स्वतःच्याच आकड्यांतून दिसेल.