५६ जणांनी नकार दिला, ५७व्याने ३० डॉलर दिले अन् पोरांची वर्ल्ड सिरीज उभी राहिली

दर ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक स्पर्धा भरते. जपान, तैवान, मेक्सिको अशा देशांतली दहा-बारा वर्षांची पोरं तिथं बेसबॉल खेळायला येतात. नाव, लिटल लीग वर्ल्ड सिरीज.

ही स्पर्धा ज्याच्या डोक्यातून आली, त्या माणसाला एक दिवस तीच संघटना सोडावी लागली. त्याचं नाव कार्ल स्टॉट्झ.

जन्म १९१० चा, गाव विल्यम्सपोर्ट. ना तो मोठा खेळाडू, ना श्रीमंत. साधी नोकरी करणारा माणूस.

तर झालं असं की, १९३८ साली कार्ल घराच्या अंगणात आपल्या दोन भाच्यांसोबत बॉल खेळत होता. बॉलच्या मागे पळताना छाटलेल्या लायलॅकच्या झुडपाचे खुंट त्याच्या पायाला लागले. घोटा सोलवटला. तो पायरीवर बसला आणि तिथंच त्याच्या मनात आलं, या पोरांना खरी टीम, खरे कपडे आणि खरा अंपायर का मिळू नये?

पण अडचण मैदानाची होती. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं. धाव काढायला हे बेस पळत पार करावे लागतात. लहान पोरांना ते झेपणार कसं? मग कार्लने पोरांनाच पळवून बघितलं, अंतर कमी-जास्त केलं आणि शेवटी ६० फूट ठरवलं. लिटल लीगमध्ये आजही तेवढंच अंतर आहे.

पुढचा प्रश्न पैशांचा. कार्ल गावातल्या धंदेवाल्यांची दारं वाजवत फिरला. तब्बल ५६ जणांनी नाही म्हटलं. ५७वी होती लायकमिंग डेअरी. तिने ३० डॉलर दिले. मग एक लाकडाची वखार आणि एक प्रेट्झेल बनवणारी कंपनी पुढे आली. झाल्या तीन टीम.

६ जून १९३९ ला पहिली मॅच झाली. वखारवाल्यांनी डेअरीवाल्यांना २३-८ असं हरवलं.

१९४७ मध्ये ११ टीमची पहिली मोठी स्पर्धा भरली, ती विल्यम्सपोर्टच्याच मेनार्ड टीमने जिंकली. पुढं यू. एस. रबर ही बडी कंपनी स्पॉन्सर म्हणून आली. पैसा आला, लीग देशभर पसरली.

आणि इथंच माशी शिंकली.

लीग गावोगावच्या स्वयंसेवकांच्या हातात राहावी, असं कार्लचं म्हणणं. पण कारभार वरून चालायला लागला. कंपनीतून आलेल्या अध्यक्षांशी त्याचे खटके उडाले. १९५५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि कार्ल बाहेर पडला.

त्यानंतरच्याच वर्षी, १९५७ ला, मेक्सिकोच्या माँटेरेची टीम जिंकली. अमेरिकेबाहेरचा हा पहिला विजेता. स्पर्धा खऱ्या अर्थाने जगाची झाली, तेव्हा ती सुरू करणारा त्या संघटनेत नव्हता.

पण त्याने पोरांचा खेळ सोडला नाही. गावातल्या जुन्या मैदानावर त्याने स्वतःची वेगळी लीग चालवली. १९५९ मध्ये वर्ल्ड सिरीज नदीपलीकडच्या साउथ विल्यम्सपोर्टला गेली. जुनं मैदान मात्र गावातच राहिलं.

४ जून १९९२ ला कार्ल गेला. पहिल्या मॅचला ५३ वर्षं पूर्ण व्हायला दोनच दिवस बाकी होते.

त्या जुन्या मैदानाला आज कार्ल स्टॉट्झचं नाव आहे.