वसई ते नागासाकी

वसईहून जपानमधील नागासाकी हे बंदर सरळ रेषेत मोजले तर सुमारे ५,८०० किलोमीटर दूर आहे. आजचे जेट विमान वाटेत न थांबता गेल्यास एवढे अंतर सुमारे सात तासांत तोडू शकेल. साडेचारशे वर्षांपूर्वी याच प्रवासास एक वर्षाहून अधिक काळ लागे. अशा काळी वसईचा एक पंधरा वर्षांचा मुलगा या वाटेने निघाला. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, तर माता वसईचीच होती. वसई त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तेथे जेज्विट धर्मगुरूंपाशी गोन्सालो यांचे शिक्षण झाले आणि १५७२ च्या सुमारास ते त्यांच्याच समवेत जपानला निघाले.

त्या काळी समुद्रावर खरी सत्ता वाऱ्याची असे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर शिडाची जहाजे पूर्वेस जात आणि ईशान्य वाऱ्यावर परत येत. उन्हाळ्यात गोव्याहून सुटलेले जहाज मलाक्कावरून चीनच्या किनाऱ्यावरील मकाव बंदरास पोहोचे, तोवर पुढे जाण्याचा हंगाम बहुधा सरलेला असे. मग पुढच्या वर्षीच्या वाऱ्याची वाट पाहत तेथेच मुक्काम करावा लागे. गंमत अशी, की मकावहून नागासाकी गाठण्यास अनुकूल वाऱ्यात दोन ते चार आठवडेच पुरत! प्रवासाचा पुष्कळसा काळ जाई तो नांगर टाकून बसण्यात.

जपानमध्ये गोन्सालो यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले व जपानी भाषा उत्तम अवगत केली. जेज्विट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाही. निराश होऊन ते व्यापाराकडे वळले आणि त्यात त्यांनी चांगली संपत्ती मिळवली. तरीही मन रमेना. अखेर सर्व सोडून फिलिपाइन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन पंथात साधे बंधू म्हणून दाखल झाले.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील पाठविले. दुभाषा म्हणून गोन्सालो त्यांच्यासह गेले. लहानपणी शिकलेली भाषा आता कामी आली. क्योतो नगरात या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल जप्त झाला, वाद वाढला आणि परकीयांविषयी हिदेयोशीचा संशय बळावला. त्याने क्योतो व ओसाका येथील ख्रिस्ती मंडळींना पकडविले. जानेवारी १५९७ मध्ये, ऐन थंडीत, कैद्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. सुमारे ८०० किलोमीटरच्या या वाटचालीस जवळजवळ एक महिना लागला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मृत्युदंड देण्यात आला. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या घरात होते. त्या सव्विसांत बारा वर्षांचा एक जपानी मुलगाही होता.

१८६२ मध्ये रोम येथे या सर्वांना संतपद देण्यात आले. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले ख्रिस्ती संत होत. १९६२ मध्ये निशिझाका टेकडीवर स्मारक उभारले गेले. त्यावर ब्राँझच्या सव्वीस आकृती ओळीने उभ्या आहेत. त्यांतील एक वसईच्या या दुभाष्याची आहे.