खडकी वसवणारे मलिक अंबर



मिरकरवाड्याच्या बंदरावर उभे राहिले की समोर अथांग पाणी दिसते. पण तहान लागली तर त्यातला एक घोटही घशाखाली उतरत नाही. वस्ती समुद्रकाठची असो वा डोंगरातली, ती टिकते गोड्या पाण्यावर. ही गोष्ट ज्यांनी ओळखली आणि मराठी मुलखातल्या एका लहानशा खेड्याचे शहर केले, त्या मलिक अंबर यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवत आहे.

त्यांचा जन्म सुमारे १५४८ साली हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. वय कोवळे असतानाच ते गुलाम म्हणून विकले गेले. हबशी माणूस आपल्या कोकणाला परका नाही. जंजिऱ्याचे सिद्दी त्याच मुळाचे. हाती हात बदलत हा मुलगा बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्याला विकत घेतले. विचार करा, हे पेशवेही एके काळचे हबशी गुलामच होते! त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले. गुलामाला मुक्त करणे हे आपल्या दीनने किती मोठे पुण्यकर्म मानले आहे, हे आपण जाणताच. त्या एका स्त्रीच्या हातून घडलेल्या या कर्माची फळे पुढे दख्खनच्या कित्येक पिढ्यांनी चाखली.

मुक्त झालेल्या अंबर यांनी काही वर्षे विजापूरकरांची चाकरी केली आणि मग ते निजामशाहीत परतले. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य बुडाले असे सर्वांना वाटत असताना त्यांनी परांड्याला निजामशाही घराण्यातील मुर्तजा याला गादीवर बसवले आणि विखुरलेली फौज पुन्हा उभी केली. मोगलांच्या अवजड सैन्याला त्यांनी मराठा स्वारांच्या साहाय्याने गनिमी काव्याने जेरीस आणले.

१६१० साली त्यांनी दौलताबादजवळच्या खडकी या गावी नवे शहर वसवण्यास प्रारंभ केला. नावाप्रमाणेच जागा खडकाळ. शेजारून खाम नदी वाहत असली, तरी वाढत्या शहराची तहान तिच्यावर भागणारी नव्हती. तेथे त्यांनी मशिदी बांधल्या, १६१२ साली विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभारला, आणि आपल्या मराठा सरदारांनाही वसतीसाठी जागा दिल्या. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे त्या सरदारांची आठवण सांगतात. गाव वसवणाऱ्याने शेजार कसा जोडावा, याचा हा धडा आहे.

परंतु त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी त्यांनी भुयारी नळात गोळा केले. हा नळ अशा बेताच्या उताराने नेला की पाणी आपल्याच ओघाने शहरात यावे. मोट नको, बैल नको. ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी तोंडे ठेवली. पाणी जमिनीखालून येत असल्याने उन्हाने ते फारसे आटत नसे आणि शत्रूच्या नजरेसही सहज पडत नसे. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईच्या नावाने विहीर खोदवली होती, हे आपण ऐकले असेल. नहर-ए-अंबरी ही त्याच जातीची सदका-ए-जारिया होय. तिचे पाणी पिणाऱ्याला कोणी त्याचा धर्म विचारला नाही.

गावे वसतात तशी उठतातही, आणि ती बहुधा जुलमी वसुलीने उठतात. म्हणून अंबर यांनी महसुलाच्या मक्त्याची पद्धत मोडली, जमिनीचा कस पाहून धारा ठरवला आणि गावचे पाटील-कुलकर्णी यांचे स्थान पक्के केले. मराठी कागदपत्रांत ही व्यवस्था मलिकंबरी म्हणून ओळखली जाते.

त्यांचे शहर शत्रूने दोनदा उद्ध्वस्त केले, एकदा १६१६ साली आणि पुन्हा १६२१ साली. दोन्ही वेळा खडकी पुन्हा उभी राहिली. १६२४ साली, पंचाहत्तरी गाठलेल्या अंबर यांनी भातवडी येथे मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्यांच्या बाजूने लढले.

वाचकहो, मलिक अंबर वली नव्हते. ते सत्तेच्या राजकारणात बुडालेले गृहस्थ होते. त्या राजकारणात रक्त सांडले, आणि ज्या बाजारात ते स्वतः विकले गेले त्याच बाजारातून आलेले हबशी त्यांनी आपल्या फौजेसाठी विकत घेतले. चरित्रकाराने हे झाकू नये. हिशेब घेणारा अल्लाह आहे. आपण त्यांचे चांगले काम तेवढे उचलावे.

१६२६ साली त्यांचे निधन झाले. खुलदाबाद येथे, औलियांच्या सहवासात, त्यांची कबर आहे. जहांगीर बादशहाने त्यांचा आयुष्यभर द्वेष केला, पण त्याच दरबारचे इतिहासकार मुतमदखान यांना त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे गुण मान्य करावे लागले. खडकीचे नाव पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली. नहरीचे पाणी मात्र विसाव्या शतकातही वाहत होते.

आपल्यापैकी कोणाला गाव वसवण्याची संधी मिळणार नाही. तरीही मोहल्ल्याची विहीर उपसणे, मशिदीच्या वुजूखान्याचा गळका नळ दुरुस्त करणे, शेजाऱ्याच्या दारात टँकर आला नसेल तर आपल्या हंड्यातून त्याची घागर भरणे, हे तर आपल्या हाती आहे. पुढील जुम्याच्या आत यांतले एक काम करून पाहा. अल्लाह आपणा सर्वांना त्याची तौफीक देवो, आमीन.