मनाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांना सिगार का सुटली नाही?

उद्यापासून सिगरेट बंद!

कुणी हे एक जानेवारीला ठरवतं, कुणी घरच्यांची शपथ घेऊन, तर कुणी छातीचा एक्स-रे हातात आल्यावर. मग आठवडा जातो आणि गडी पुन्हा टपरीवर दिसतो. लोक म्हणतात, याचा मनावर ताबाच नाही.

पण ज्या माणसाने जगाला मनाबद्दल विचार करायला शिकवलं, त्यालाही हे जमलं नव्हतं. त्यांचं नाव सिग्मंड फ्रॉइड.

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ चा, आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका छोट्या गावात. ते लहान असतानाच कुटुंब व्हिएन्नाला आलं आणि तिथंच ते डॉक्टर झाले. वडिलांना धूम्रपानाची सवय होती, तरी ते ऐंशी वर्षं जगले. फ्रॉइड यांनी विशीत सिगरेटने सुरुवात केली, मग सिगारवर आले. पुढे हा आकडा दिवसाला २० सिगारपर्यंत गेला.

व्यसन काय करतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांचे मित्र फ्लाइशल यांना मॉर्फिनचं व्यसन होतं. ते सुटावं म्हणून फ्रॉइड यांनी त्यांना कोकेन सुचवलं. झालं उलटंच. फ्लाइशल कोकेनच्याही आहारी गेले आणि १८९१ मध्ये वारले.

तिशी उलटल्यावर फ्रॉइड यांच्या छातीत धडधड व्हायला लागली, ठोके चुकायला लागले. बर्लिनचे नाक-कान-घशाचे डॉक्टर फ्लीस त्यांचे जिवलग मित्र. त्यांनी सांगितलं, सिगार बंद करा.

१८९४ मध्ये फ्रॉइड यांनी खरंच बंद केली.

त्या दिवसांत त्यांनी फ्लीसना लिहिलेली पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यातून कळतं की सुरुवातीचे दिवस भयंकर गेले. पण साधारण तीन आठवड्यांनी सिगार सोडल्याची तगमग ओसरली. पाचव्या आठवड्यापर्यंत उदासीही कमी झाली. म्हणजे सगळ्यात अवघड टप्पा पार पडला होता.

तरीही सातव्या आठवड्यानंतर त्यांनी पुन्हा सिगार पेटवली. कारण काय, तर काम होत नव्हतं. सिगारशिवाय आपल्याला विचार करता येत नाही, लिहिता येत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

खरी मेख इथंच आहे. तलफ गेली होती, पण समजूत गेली नव्हती.

या समजुतीमागे निकोटिनचा एक खेळ असतो. निकोटिन उतरायला लागलं की माणूस अस्वस्थ होतो, लक्ष लागत नाही. पुढची सिगरेट ही अस्वस्थता तेवढ्यापुरती घालवते. मग वाटतं, सिगरेटमुळेच डोकं चालतं. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा आधीच्या सिगरेटने केलेला खड्डा भरत असते.

आजूबाजूचं वातावरणही तसंच होतं. १९०२ पासून दर बुधवारी फ्रॉइड यांच्या घरी अभ्यासकांची बैठक बसायची. तिथं खोली धुराने भरून जायची.

मग आलं १९२३. त्यांना तोंडात एक गाठ दिसली. पण डॉक्टर पहिल्यांदा सिगारच बंद करायला लावतील, या भीतीने त्यांनी ती लगेच दाखवली नाही. निघाला कॅन्सर. त्याच वर्षी डॉ. पिश्लर यांनी त्यांच्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढून टाकला. त्या जागी कृत्रिम टाळू बसवावी लागली. बोलणं आणि जेवणं, दोन्ही अवघड झालं. उजव्या कानाचं ऐकू येणं गेलं, म्हणून पेशंटचा कोचही जागचा हलवावा लागला. पुढच्या १६ वर्षांत ३० पेक्षा जास्त ऑपरेशन्स झाली.

सिगार चालूच होती. १९३० मध्ये हृदयाने पुन्हा इशारा दिला, तेव्हा काही दिवस थांबली. मग एक, मग दोन, मग पुन्हा पूर्वीसारखंच.

आता तुम्ही म्हणाल, माणूसच कमजोर असेल. पण विचार करताना डोकं साफ राहावं म्हणून हाच माणूस इतक्या वेदनांत वर्षानुवर्षं ॲस्पिरिनपलीकडचं औषध टाळत राहिला. म्हणजे निग्रह होता. पण त्या निग्रहाच्या मते सिगार ही कामाचीच वस्तू होती.

१९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर फ्रॉइड लंडनला गेले. शेवटी जखमेला इतका वास यायचा की त्यांचा लाडका कुत्राही जवळ येईना. २३ सप्टेंबर १९३९ ला वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले.

भीती, माहिती, मित्राचा सल्ला, सगळं त्यांच्याकडे होतं. राहून गेलं ते एकच. सिगारशिवाय मी मीच राहणार नाही, या समजुतीला त्यांनी नीट आव्हान दिलं नाही.

म्हणून सोडायचं कारण शोधताना फक्त कॅन्सरचा फोटो बघून भागत नाही. आपली समजूत कोणती, ते आधी शोधावं लागतं. चहासोबत लागतेच? टेन्शनमध्ये लागतेच? मित्र तुटतील? एकेक समजूत कागदावर लिहा आणि ती खरी आहे का हे सिगरेटशिवाय तपासून बघा. फ्रॉइड सात आठवड्यांवर थांबले, तुम्ही आठवा बघा.

आणि हे एकट्याने करायची गरज नाही. त्या काळी निकोटिनचे च्युइंगम नव्हते, समुपदेशनाची फोनलाइन नव्हती. आज १८००-११-२३५६ हा मोफत सरकारी नंबर सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. पुढच्या वेळी पाकीट हातात आलं, तर आधी तो वाचा.