सावित्रीबाईंचे जादा लुगडे

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी गांगरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु जिच्यामुळे तेवढे तरी पदरात पडले, तिच्याविषयी लिहावे असे ठरविले.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले. त्यांनीच पत्नीला लिहावयास-वाचावयास शिकविले. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

आपण त्यांना समाजसुधारक म्हणतो. मला मात्र त्या रोज कामावर जाणारी बाई म्हणून दिसतात. वाटेत टवाळखोर उभे असत. शिव्या देत, शेण आणि चिखल फेकीत. बाई जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत गेल्यावर बदलीत आणि शिकवावयास उभ्या राहत. एकदा एक गुंड आडवा आला, तेव्हा त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली, अशी आठवण सांगतात. काम मात्र सोडले नाही.

पुण्यातच काशीबाई नावाची एक तरुण विधवा गोवंड्यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले व दिवस जाताच हात वर केले. तिने लाजेपायी मूल मारले. तिला जन्मठेप होऊन अंदमानास पाठविले. शास्त्री मोकळाच राहिला! हे पाहून फुले पतिपत्नींनी १८६३ साली अशा बायकांच्या बाळंतपणासाठी आपल्याच घरात आसरा दिला. १८८४ पर्यंत पस्तीस जणी तेथे आल्या. त्यांतल्याच एकीचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई वारल्या.

भगिनींनो, लग्नापूर्वी मी एका दुकानात पुड्या बांधीत असे. मालकाचा हात अंगाला लागू लागला. मी कोणाला न सांगता काम सोडले. राहिलेला पगारही मागितला नाही. लाज त्याने धरावयाची, ती मी धरली.

२०१३ साली यासाठी कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे तक्रार समिती हवीच. माणसे कमी असतील, तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा बाई घरकामाला जात असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तीन महिन्यांच्या आत लेखी अर्ज द्यावा. लिहिता येत नसेल तर समितीने मदत केली पाहिजे.

आपल्यातल्या कितीतरी जणी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला जातात. कोणावर तसा प्रसंग आला तर माझे दार ठोठवा. अर्ज मी लिहून देईन. सातवीचे अक्षर तेवढ्याला पुरते.