एली व्हिटनी व कापसाच्या यंत्राचा खटला

आमच्या वसईकडे शेताच्या बांधावरून भाऊबंदांत तंटे होतात व ते कोर्टापर्यंत जातात, हें वाचकांस ठाऊकच आहे. बांध डोळ्यांस दिसतो. तो कोणीं सरकविला तर शेजारी साक्ष देतात. परंतु मनुष्याच्या बुद्धींतून निघालेल्या युक्तीला बांध कसा घालावा? ह्या प्रश्नापायीं अमेरिकेंतील एका विख्यात कारागिराचीं ऐन उमेदीचीं वर्षें खर्चीं पडलीं. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

एली व्हिटनी ह्याचा जन्म ८ डिसेंबर १७६५ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतीं वेस्टबरो गांवांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. लहानपणीं तो बापाच्या कामाच्या खोलींत खिळे करून विकीत असे. १७९२ सालीं येल येथील विद्यालयाची पदवी घेऊन तो शिक्षकाच्या नोकरीच्या आशेनें दक्षिणेकडे गेला. तेथें जॉर्जिया प्रांतांत जनरल ग्रीन ह्यांच्या विधवा पत्नी कॅथरिनबाई ह्यांच्या मळ्यावर त्याचा मुक्काम पडला.

त्या मुलखांतील कापसाची सरकी तंतूंस इतकी घट्ट चिकटलेली असे कीं, हातानें काढूं गेल्यास एका माणसाच्यानें दिवसभरांत जेमतेम एक रत्तल रुई निघे. व्हिटनीनें १७९३ सालीं एका लांकडी लाटेवर तारेच्या आंकड्या बसविल्या. लाट फिरली म्हणजे आंकड्या तंतूंस अरुंद फटींतून ओढून नेत. सरकी फटींत न मावल्यामुळें अलीकडेच गळून पडे. आणि मागें फिरणारा कुंचा रुई झाडून घेई. ह्या हातयंत्रानें दिवसाकाठीं सुमारें पन्नास रत्तल रुई निघूं लागली. १४ मार्च १७९४ रोजीं त्यास पेटंट मिळालें. पेटंट म्हणजे ती युक्ति चौदा वर्षें दुसऱ्या कोणीं वापरूं नये अशी सरकारी सनद.

येथें व्हिटनी व त्याचा भागीदार फिनिअस मिलर ह्यांची एक चूक झाली. यंत्रें विकण्याऐवजीं, आपणच कापूस साफ करून द्यावा व मोबदला म्हणून दोन पंचमांश हिस्सा घ्यावा, असें त्यांनीं ठरविलें. शेतकऱ्यांस हा भार असह्य वाटला. यंत्र तर इतकें सोपें कीं, एकदां पाहिलें म्हणजे गांवचा सुतार व लोहार मिळून तें करीत. लवकरच जिकडे तिकडे चोरटीं यंत्रें फिरूं लागलीं. १७९५ सालीं न्यू हेवन येथील त्यांचा कारखानाही जळाला.

मग खटले सुरू झाले. १७९७ सालीं पहिलाच खटला ते हरले. कायद्याची शब्दरचना अशी होती कीं, यंत्र करणें व वापरणें हीं दोन्ही ज्यानें केलीं तोच दोषी ठरे; नुसता वापरणारा सुटे. १८०० सालीं ही फट बुजविण्यांत आली. पुढच्या सालीं दक्षिण कॅरोलिना प्रांतानें पन्नास हजार डॉलरांस हक्क विकत घेण्याचें कबूल केलें. पण कांहीं रक्कम दिल्यावर हात आंखडून दिलेलें परत मागितलें. १८०४ सालीं तो करार पुन्हा कायम झाला. त्यापूर्वींच, १८०३ सालीं, मिलर मरण पावला होता. अखेर १८०७ सालीं न्यायाधीश जॉन्सन ह्यांनीं व्हिटनीचा हक्क मान्य केला. पण तोंवर सनदेची मुदत सरत आली होती. मुदत वाढवावी म्हणून १८१२ सालीं त्यानें अर्ज केला, तोही नामंजूर झाला. साठांहून अधिक दावे लढून हातीं फारसें उरलें नाहीं. पुढें सरकारास बंदुका पुरवून त्यानें आपला संसार सांवरला व ८ जानेवारी १८२५ रोजीं तो वारला.

त्याचा हक्क खरा होता, ह्यांत आम्हांस संशय नाहीं. परंतु ह्या सर्व दाव्यांत ज्यांचें नांव कोणीं घेतलें नाहीं, त्यांचा विचार केल्याशिवाय हें चरित्र पुरें होत नाहीं. रुई स्वस्त व सुलभ झाली, तशी कापसाची लागवड वाढली, आणि ती वेंचण्यास गुलाम हवे झाले. १७९० सालीं त्या देशांत सुमारें सात लक्ष गुलाम होते; १८६० सालीं ते चाळीस लक्षांच्या घरांत गेले. त्यांची सुटका १८६५ सालीं झाली, तीही मोठ्या यादवी युद्धानंतर. त्याच युद्धामुळें अमेरिकेचा कापूस अडला व मुंबईच्या बाजारांत आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला.

नफ्याचा वांटा कोणाचा, ह्याविषयीं मळेवाले व व्हिटनी वर्षानुवर्षें भांडले. ज्यांच्या हातांनीं तो कापूस वेंचला, त्यांस मात्र फिर्याद करण्यास कोर्टाची पायरीही चढतां आली नाहीं. आपला बांध राखण्यास आपण अवश्य झटावें; पण त्या शेतांत राबणाऱ्याचा वांटा कोठें गेला, हेंही त्याच वेळीं पाहावें.